केल्मीतले आयरिश पाहुणे आणि त्यांच्या अनेकवचनाचा घोळ

उकारान्त

गेली अडीच वर्षं फावल्या वेळात एक भाषा रचतोय. नाव केल्मी. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात एक बेट आहे असं धरलंय (नकाशात शोधू नका). तिथल्या लोकांची भाषा केल्टिक नाही, पण हजार-बाराशे वर्षं आयरिश बोलणाऱ्यांशी मासळीचा, लोकरीचा आणि लग्नाचा व्यवहार आहे. म्हणजे आयरिश शब्दांची आवक भरपूर.

केल्मीचं स्वतःचं अनेकवचन साधं आहे. शब्द स्वरान्त असेल तर शेवटी 'न', व्यंजनान्त असेल तर 'एन'. तोस म्हणजे दगड, तोसेन म्हणजे बरेच दगड. मेरा म्हणजे जाळं, मेरान म्हणजे जाळी. इथवर ठीक.

अडलंय ते उसन्या शब्दांपाशी. आयरिशमध्ये अनेकवचनाचे इतके प्रकार आहेत की माझं डोकं चक्रावलं. होडी म्हणजे बॉद, होड्या म्हणजे बॉद्य (शेवटचा द टाळूकडे सरकतो). बूट ब्रोग, त्याचं ब्रोगा. मुलगी कालीन, तिचं कालीनी. बस ही बुस, बसगाड्या बुसन्ना. बाई म्हणजे बॅन आणि बाया म्हणजे म्नॉ! शेवटी वैतागून एक नियम केला: आयरिशमधून आलेल्या प्रत्येक शब्दाला 'अन्ना' लावायचं. बॉदन्ना, ब्रोगन्ना, कालीनन्ना. ऐकायला छान वाटतं आणि 'हा शब्द परका' हेही लगेच कळतं. आता वहीत असे साठेक शब्द झालेत आणि वाचताना काहीतरी खोटं वाटतंय. कुठे चुकतोय?

पूर्णविराम

चुकत नाहीये. रचलेली भाषा आहे, तुमचा नियम तुमचा. एस्पेरान्तो या अशाच रचलेल्या भाषेत तिचा कर्ता झामेनहोफने 1887 मध्ये हेच केलं. नाम ओकारान्त, अनेकवचनाला पुढे 'य'. कुळ म्हणजे क्लानो, कुळं म्हणजे क्लानोय. मूळ शब्द आयरिश की हिब्रू, कोणी विचारत नाही. एस्पेरान्तो सुधारून इदो ही भाषा काढणाऱ्यांनी 1907 मध्ये तो 'य'सुद्धा काढून 'ओ'च्या जागी 'ई' बसवली, क्लानी. विषय संपला.

खडूस वैयाकरण

@पूर्णविराम, विषय संपायला एस्पेरान्तोला बेट नाही, कोळी नाहीत, बाजार नाही. ती मुद्दाम सोपी केलेली भाषा आहे. धागाकर्त्याला 'जणू वापरून झिजलेली' भाषा हवीय. दोन्हींची मोजपट्टी एक कशी?

उकारान्त, तुमचं काय खोटं वाटतंय ते सांगतो. तुम्ही शब्द कोशातून उचलताय. तुमचे बेटकरी ते कानाने उचलतात, आणि कानावर कोशातलं एकवचन पडत नाही. बाजारात पडतो तो वाक्यातला शब्द. 'तीन होड्या' आयरिशमध्ये कशा म्हणाल?

उकारान्त

त्री बॉद्य?

खडूस वैयाकरण

हेच म्हणत होतो. नाही. त्री वॉद. आकड्यानंतर नाम सहसा एकवचनातच राहतं, आणि दोन ते सहापर्यंत पहिलं व्यंजन सैल होतं, ब चा व. सातपासून दहापर्यंत त्याच ब चा म होतो. शॅख्त मॉद, सात होड्या. म्हणजे होड्या मोजून विकणाऱ्या माणसाकडून तुमच्या बेटकऱ्याने शब्द घेतला तर त्याच्या कानात बॉद शिरेलच असं नाही. वॉद शिरेल किंवा मॉद. 'होड्यांचा' अशी षष्ठी ऐकली तरी पुन्हा ना मॉदच.

आता सफरचंद घ्या. कोशात ऊल. 'ते सफरचंद' म्हणायचं तर अन तूल. 'ती सफरचंदं' ना हूला. 'सफरचंदांचं' ना नूल. एकच फळ, सुरुवात कधी स्वर, कधी त, कधी ह, कधी न. ऊल शब्द उसना घेणाऱ्या भाषेत तो नुसता ऊल म्हणून आला, असं दिसलं तर मी म्हणेन हा शब्द कोणीतरी पुस्तकातून चोरलाय.

अनुनासिका

वाचतेय. हूला फार आवडला. खूण साठवली आहे.

तिसरा पुरुष

खडूसांच्या मुद्द्याला पुस्ती. उपपद (इंग्रजी 'द'सारखं, इथे 'अन' आणि 'ना') शब्दाला चिकटून येणं हे जगजाहीर आहे. स्पॅनिशमध्ये साखरेचं आसूकार झालं, त्यातलं 'आ' अरबी उपपदाचं आहे. त्यामुळे केल्मीत सफरचंद 'तूल' आणि अनेकवचन 'तूलेन' असणं मला अगदी पटेल. किंवा हूला हेच एकवचन धरून 'हूलान'. सफरचंद एकटं कोण विकत घेतं?

उकारान्त

थांबा, हूला हे तर अनेकवचन झालं. त्याला पुन्हा 'न' लावायचं? दुहेरी होणार नाही का?

अनुनासिका

होऊ दे की. 😀 आपण नाही करत? 'एक लेडीज आली होती' हे वाक्य कधी ऐकलं नाही असा माणूस दाखवा. मग 'चार लेडीज'. 'माझा एक शूज सापडत नाहीये.' 'एका पॅरेंट्सनी तक्रार केली.' इंग्रजीत अनेकवचन, आपल्याकडे एकवचन म्हणून सुखाने नांदतंय.

खडूस वैयाकरण

आणि हे इंग्रजीपुरतं नाही. अफवा घ्या. अरबीत अफवाह म्हणजे 'तोंडं', अनेकवचन. आपल्याकडे एक अफवा पसरते. अहवाल हे 'हाल'चं अनेकवचन, आपण 'एक अहवाल सादर' करतो. उमराव हे अमीरचं अनेकवचन, आपल्याकडे एकटा उमराव दरबारात येतो. आणि माझं लाडकं उदाहरण: कायदा आणि कवायत. अरबीत दुसरा शब्द पहिल्याचं अनेकवचन आहे. मराठीत आल्यावर दोघांची ओळखदेखील उरली नाही. एक कोर्टात गेला, दुसरा मैदानावर.

तेव्हा नियम असा: जी वस्तू घोळक्याने किंवा जोडीने भेटते ती अनेकवचनात उसनी येते. तोंडं, बूट, दाणे, तुकडे, सरदार. तुमच्या वहीतले साठ शब्द या चाळणीतून आधी काढा.

मी शिकाऊ

बाळबोध प्रश्न, क्षमस्व. तो 'द टाळूकडे सरकतो' प्रकार नीट कळला नाही. बॉद आणि बॉद्य यांत नक्की फरक काय ऐकू येतो? आणि एवढ्याशा फरकावर लोकांना अनेकवचन कळतं कसं?

अनुनासिका

@मी शिकाऊ, प्रश्न बाळबोध नाही, इथल्या निम्म्या लोकांना तोच पडला असणार. आयरिशमध्ये बहुतेक प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं असतात, त्यांना 'रुंद' आणि 'निमुळतं' म्हणतात. निमुळत्यात जिभेचा मधला भाग वर टाळूकडे जातो. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही.

आत्ता मोठ्याने म्हणून बघा: मोजा. मग: मोजे. पुन्हा: दरवाजा, दरवाजे. तोच 'ज' लिहिलाय, पण मोजातला ज दातांपाशी आहे (ज़हाजातला) आणि मोजेमधला टाळूवर (जीवातला). म्हणजे अनेकवचन करताना आपण 'आ'चा 'ए' तर करतोच, वर व्यंजनही निमुळतं करतो. लिपी ते दाखवत नाही म्हणून लक्षात येत नाही. आता अशी कल्पना करा की हजारेक वर्षांत शेवटचा 'ए' झिजून गेला. 'मोज़' आणि 'मोज' एवढंच उरलं, एक दाताचा, एक टाळूचा. झालं तुमचं आयरिश.

खडूस वैयाकरण

वा! हे मला सुचलं नसतं. आणि इतिहासही अगदी हाच आहे. पुरुष म्हणजे फॅर, पुरुष अनेक असतील तर फिर. त्याचं फार जुनं रूप विरोस, अनेकवचन विरी. शेवटची 'ई' गळाली, जाताना व्यंजनावर शिक्का मारून गेली. ओघम लिपीतल्या शिळांवर 'मकी' असं कोरलेलं सापडतं, 'अमक्याच्या मुलाचा' या अर्थाने. त्या षष्ठीतली 'ई' दगडात अजून आहे, तोंडातून गेली. आज मुलगा म्हणजे मॅक, षष्ठी मिक, अनेकवचनही मिकच.

मी शिकाऊ

मोजा मोजे मोजा मोजे म्हणत बसलोय, घरातले बघायला लागलेत. खरंच की! दंडवत.

तिसरा पुरुष

मला एक शिडी दिसतेय, उकारान्तच्या कामाची. आयरिशने स्वतः उसने घेतलेले शब्द बघा. लॅटिनमधून मठांबरोबर आलेले: सगर्त (धर्मगुरू), आस्पग (बिशप), पुस्तकाचा शब्द. या सगळ्यांचं अनेकवचन निमुळतं करून होतं, अगदी फॅर-फिरसारखं. बॉदसुद्धा मूळचा आयरिश नाही, जुन्या इंग्रजीचा किंवा नॉर्स खलाशांचा. तोही निमुळता होतो. उलट अलीकडे आलेली बस आणि मोटार बघा: बुसन्ना, कारन्ना. म्हणजे अनेकवचनावरून शब्दाचं वय सांगता येतं! केल्मीतही तेच करा. जुना थर निमुळता, मधला 'अन्ना', अगदी नवा केल्मीचा 'एन'.

खडूस वैयाकरण

शिडी देखणी आहे, पण दोन पायऱ्या सडक्या आहेत.

पहिली: शाळा. लॅटिन स्कोला, मठांइतकाच जुना शब्द. आयरिशमध्ये स्कॉल्य, अनेकवचन स्कॉलन्ना. का? कारण एकवचनातच शेवटचं व्यंजन निमुळतं आहे. आधीच निमुळत्याला आणखी काय निमुळतं करणार? तिथे लांब प्रत्यय लावावाच लागतो. म्हणजे वयापेक्षा शब्दाचं शेपूट महत्त्वाचं.

दुसरी पायरी: टेलिफोन. याच्याहून नवा शब्द कुठला? तरी अनेकवचन निमुळतंच, तेलेफोन्य. नुसत्या फोनचंही फोन्य. मोबाइल आले तरी तसंच.

तिसरा पुरुष

फोनने तोंडघशी पाडलं. मान्य. पण मग बुसन्ना आणि फोन्य एकाच शतकात कसे?

खडूस वैयाकरण

एकाच पट्टीत बसवू नका, एवढंच म्हणेन. 1958 मध्ये सरकारी प्रमाण व्याकरण ठरलं, तेव्हा वेगवेगळ्या बोलींतल्या चार-चार अनेकवचनांमधून बहुतेक ठिकाणी एकेक निवडलं गेलं. 'जागा' या शब्दाचं प्रमाण अनेकवचन ऑत्यन्ना, पण बोलीत ऑत्यखाही ऐकाल. ज्या भाषेत खुद्द 'जागे'लाच एक जागा नाही, तिथल्या उसन्या शब्दांकडून शिस्तीची अपेक्षा कशाला?

आणि उकारान्त, यातून तुमच्यासाठी निघतो तो मुद्दा असा: तुमच्या बेटाशी कुठल्या किनाऱ्याचे लोक बोलत होते? 'बाया'चं म्नॉ तुम्ही कोशातून घेतलंत. गॉलवेकडच्या तोंडात त्याचं म्रॉ होतं. न चा र. तुमचे बेटकरी म्नॉ म्हणत असतील तर ते गॉलवेच्या समोर राहत नाहीत, किंवा शाळेत शिकलेत.

उकारान्त

बापरे. दोन दिवस इकडे फिरकलो नाही तर इथे अख्खं विद्यापीठ भरलंय. सगळ्यांचे आभार.

म्रॉ लगेच घेतला. बाकी वही पुन्हा उघडलीय. पण एक शंका. समजा जोडीच्या वस्तू अनेकवचनात घेतल्या. ब्रोगा हा शब्द 'बूट' म्हणून आला, तो केल्मीत एकवचन मानला, जोडीला ब्रोगा. बऱ्याच जोड्या ब्रोगान. मग एकाच पायातल्या बुटाला काय म्हणू? मला 'ब्रोग' परत आणायचा नाही, कारण बेटकऱ्यांनी तो कधी ऐकलाच नाही असं ठरलंय.

पूर्णविराम

'अर्धा ब्रोगा' म्हणा. 😛

अनुनासिका

वेल्शमध्ये उलटा प्रत्यय असतो. मूळ शब्दच समूहाचा, आणि एक काढायचा तर शेपूट जोडायचं. आदर म्हणजे पक्षी (अनेक), आदेरिन म्हणजे एक पक्षी. मुलं म्हणजे प्लान्त, एक मूल प्लेन्तिन. तसा एखादा 'एक-काढू' प्रत्यय केल्मीला द्या.

अवांतर: हा प्लान्त आणि आयरिश क्लान हे मूळचे एकच, लॅटिन प्लान्ता म्हणजे रोप. जुन्या आयरिशला प जमत नसे, म्हणून क. आयरिशमध्ये क्लान म्हणजे एकाची सगळी मुलंबाळं. इंग्रजीत जाऊन ते कूळ झालं आणि मग कुळांची संख्या मोजायला त्याला 'स' चिकटला. समूहाचा शब्द सुटा झाला. एस्पेरान्तोत वर पूर्णविरामांनी दिलेला क्लानोय हा त्याच रोपाचा फुटवा.

खडूस वैयाकरण

पूर्णविराम चेष्टेत बोलले, पण सोनं बोलले. आयरिशमध्ये खरोखर तसंच म्हणतात!

जोडीतली एकच वस्तू सांगायची तर आधी 'ल्या' लावतात, म्हणजे 'अर्धा'. ल्याहूल म्हणजे एक डोळा. एक पाय, एक हात, असंच. विचार असा की दोन डोळे मिळून पूर्ण एक, म्हणून एक डोळा हा अर्धा. बुटालाही चालतं: ल्याव्रोग, जोडीतला एकटा बूट. इथेही ब चा व झालाय बघा.

आणि लोककथेतला तो बुटका मोची, लेप्रेकॉन, त्याच्या नावाची फोड लोकांनी याच शब्दावरून केली: नेहमी एकच बूट शिवत बसलेला तो. ही फोड लोकांनी मागाहून बसवलेली आहे, मूळ शब्द 'छोटं शरीर' अशा अर्थाचा मानतात. पण बसवताना त्यांना 'अर्धा बूट'च सुचला, यावरून तो शब्द किती तोंडात होता ते बघा.

पूर्णविराम

मी सोनं बोललो हे कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मी शिकाऊ

अजून एक शंका आहे. इंग्रजी बोलणारे आयरिश लोक तर आयरिश शब्द इंग्रजीत रोज वापरतात. ते काय करतात?

तिसरा पुरुष

चांगला प्रश्न. दोन वाटा दिसतात. तिथल्या पोलिसाला गार्दा म्हणतात, आणि इंग्रजी वर्तमानपत्रातही अनेकवचन गार्दी छापतात, आयरिश पद्धतीने. पंतप्रधान तीशख, एकापेक्षा जास्त असतील तर तीशी. तेही इंग्रजी वाक्यात. पण लेप्रेकॉन, शॅमरॉक (तीन पानांची वनस्पती), बॅनशी (लोककथेतली रडणारी बाई) यांना सरळ इंग्रजी 'स'. गंमत म्हणजे बॅनशी म्हणजे बॅन शी, तिचं आयरिश अनेकवचन म्नॉ शी. पहिला शब्दच बदलतो. इंग्रजीला ते झेपलं नाही, त्याने दोन शब्दांची एक मोळी बांधली आणि शेवटी स ठोकला.

म्हणजे सरकारी पाटीवर असलेला शब्द आपलं अनेकवचन सोबत घेऊन येतो, कारण तो लिहिलेला येतो. चुलीपाशी ऐकलेला शब्द एकटाच येतो. आपण 'बसेस' लिहितो तेही पाटीवरूनच आलंय. 'फायली' मात्र हाताळून हाताळून आपल्या झाल्या.

खडूस वैयाकरण

+१. आणि यावरून एक शेवटचं. आकड्यानंतर एकवचन हा नियम मी वर ठोकून दिला, त्याला अपवाद आहेत आणि ते नेमके व्यापाऱ्याच्या तोंडचे. वर्ष म्हणजे ब्लियन, वर्षं ब्लियन्ता, पण 'तीन वर्षं' म्हणताना त्री ब्लियना. हे रूप आकड्यापाठीच दिसतं. पैशाचंही तसंच, पिंगीन, पण त्री पिंगिने. तर उकारान्त, केल्मीत नाणी आणि वर्षं ही मोजणीच्या रूपात येऊ द्या. ती कोणी न मोजता उच्चारत नाही.

उकारान्त

आज सकाळी बसून वही साफ केली. साठातले 'अन्ना' एकोणपन्नास ठिकाणी खोडले. काय झालंय ते थोडक्यात टाकतो, चिरफाड करा.

होडी: मॉद, मॉदेन. (बेटकरी होड्या विकत घेतात त्या आठ-दहाच्या ताफ्याने, म्हणून म. एकेकटी होडी ते स्वतः बांधतात, तिला केल्मी शब्द आहे.) सफरचंद: हूला, हूलान. पैसा: पिंगिने, आणि त्याला अनेकवचनच नाही, आधी आकडा येतोच. धर्मगुरू: सगर्त. इथे मी निमुळतं अनेकवचन ठेवलंय, कारण मठवाले बेटावर येऊन राहिले, त्यांनी शिकवलं आणि लिहून ठेवलं. फक्त तरुण लोक आता सगर्तेन म्हणतात आणि म्हातारे त्यांना टोकतात. शाळा: स्कॉलन्ना, तीच एक आणि त्याच अनेक, बेटावर शाळा एकच आहे.

बूट: ब्रोगा. एकटा बूट: ल्याव्रोग. आता यातला 'ल्या' सुटा करून बेटकऱ्यांनी केल्मी शब्दांनाही लावायला सुरुवात केलीय. होडीची दोन वल्ही, त्यातलं एक ल्या-वल्हं. परवा तर एका जुळ्याला 'ल्या-भाऊ' म्हणायचा मोह झाला, तूर्त आवरलाय.

बाया: म्रॉ. इथे अजून अडलंय. बॅन केल्मीत आलाच नाही, म्रॉच एकवचन झाला. मग बॅनशीचं काय करू? 'म्रॉशी' एकटी रडते की घोळक्याने?

अनुनासिका

ल्या-भाऊ ठेवा हो! आवरू नका.

खडूस वैयाकरण

एकटी. तिच्या रडण्याचा आवाज घराच्या चारही बाजूंनी येतो, म्हणून ऐकणाऱ्याने अनेकवचन वापरलं. आणि वही टाका इथे, उरलेले अकरा 'अन्ना' बघू द्या.